शहराएवढे प्रेक्षागार

अमेरिकेच्या मिशिगन राज्यात अ‍ॅन आर्बर नावाचे एक विद्यापीठनगर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १,२३,८५१ इतकी नोंदली गेली. याच शहरात मिशिगन विद्यापीठाचे फुटबॉलचे मैदान आहे आणि त्याभोवतीच्या प्रेक्षागाराची अधिकृत आसनक्षमता १,०७,६०१ आहे. मुंबईचे वानखेडे मैदान तीनदा भरेल एवढी माणसे येथे एका वेळी गोळा होतात. शहरातील पाळण्यातल्या मुलांपासून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांपर्यंत सर्वांना आणून बसवले, तरी फार थोड्यांवर उभे राहण्याची पाळी येईल. हे प्रेक्षागार कोणा धनाढ्य व्यावसायिक संघाचे नाही. ते विद्यापीठाचे आहे आणि त्यात खेळणारे तरुण त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी असतात. भारतीय वाचकाला याचे नवल वाटणे साहजिक आहे. आपल्याकडे महाविद्यालयांच्या सामन्यांना खेळाडूंचे मित्र, एखादे उत्साही प्राध्यापक आणि मैदानाबाहेरचा चहावाला, एवढाच प्रेक्षकवर्ग बहुधा असतो.

दर वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात येथे अनेक सामने होतात. मात्र ज्या सामन्याची वाट दोन दोन वर्षे पाहिली जाते, तो शेजारच्या ओहायो राज्यातील ओहायो स्टेट विद्यापीठाशी होणारा सामना होय. विषम वर्षी तो अ‍ॅन आर्बरला आणि सम वर्षी ओहायोची राजधानी कोलंबस येथे खेळला जातो. दोन शहरांत सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर आहे. या दोन्ही राज्यांत त्याला वेगळे नाव देण्याची गरज पडत नाही. नुसते ‘सामना’ म्हटले की कोणता, हे लहान मुलालाही कळते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपल्याकडील फुटबॉल नव्हे. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुतेक वेळ हातात धरूनच पळवला किंवा फेकला जातो. प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. मैदान शंभर यार्ड लांबीचे असते. ज्या संघाकडे चेंडू असेल, त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. क्रिकेटमध्ये जसा एक चेंडू टाकला जातो, क्षणभर धावपळ होते आणि पुन्हा सर्व जण जागेवर येतात, तसाच हा खेळ तुकड्यातुकड्यांनी पुढे जातो. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की ‘टचडाउन’ होतो आणि सहा गुण मिळतात. त्यानंतर चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारल्यास आणखी एक गुण मिळतो. टचडाउन शक्य दिसत नसेल, तर दुरूनच चेंडू खांबांमधून मारून तीन गुण घेता येतात. घड्याळाने खेळ साठ मिनिटांचा असतो. पण तो वारंवार थांबत असल्यामुळे प्रत्यक्षात साडेतीन तास सहज जातात. हेल्मेट आणि खांद्यावरची जाड कवचे घातलेली धिप्पाड माणसे एकमेकांवर आदळत असतात. या धडकांनी मेंदूला होणाऱ्या इजांची चिंता आता वैद्यकशास्त्रालाही लागून राहिली आहे.

दोन विद्यापीठांत इतकी चुरस का असावी? याचे उत्तर देताना इतिहासप्रेमी मंडळी १८३५ सालापर्यंत मागे जातात. त्या वर्षी टोलेडो शहराभोवतीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि मिशिगन प्रदेश यांच्यात तंटा उभा राहिला. दोन्ही बाजूंनी नागरी सैन्य गोळा केले. सुदैवाने मनुष्यहानी झाली नाही. एका झटापटीत मिशिगनच्या एका अधिकाऱ्याला चाकूची जखम झाली, तोही बचावला. अखेर टोलेडो ओहायोला मिळाले आणि मिशिगनला त्याच्या मोबदल्यात उत्तरेकडचा एक विस्तीर्ण अरण्यमय द्वीपकल्प मिळाला. त्या तडजोडीनंतर २६ जानेवारी १८३७ रोजी मिशिगनला राज्याचा दर्जा लाभला. पुढे त्या अरण्यात तांब्याच्या आणि लोखंडाच्या खाणी निघाल्या, तेव्हा सौदा कोणाला लाभला हे सांगणे कठीण झाले. तथापि या भांडणाचा आणि फुटबॉलचा संबंध ओढूनताणून जोडलेला वाटतो. पहिला सामना १८९७ मध्ये झाला. म्हणजे मधे साठ वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि भांडणारी पिढी केव्हाच मातीआड गेली होती.

खरे कारण बहुधा या विद्यापीठांच्या स्वरूपात आहे. दोन्ही सरकारी आहेत. मिशिगन विद्यापीठ १८१७ मध्ये डेट्रॉइट येथे स्थापन झाले आणि १८३७ मध्ये अ‍ॅन आर्बरला आले. ओहायो स्टेटची स्थापना १८७० ची. अमेरिकन संसदेने १८६२ मध्ये कायदा करून राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढण्यास सांगितले. त्यांपैकीच हे एक. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलाला उच्च शिक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. साहजिकच राज्यातल्या सामान्य माणसाला हे विद्यापीठ आपले वाटू लागले, मग त्याला स्वतःला तेथे प्रवेश मिळालेला असो वा नसो. प्रेक्षागारात बसलेल्या अनेकांनी या विद्यापीठाच्या वर्गात कधी पाऊल टाकलेले नसते. कोणी मोटारींच्या कारखान्यात काम करतो, कोणी मालमोटार चालवतो, कोणी शाळा अर्धवट सोडलेली असते. तरी त्यांच्या टोपीवर विद्यापीठाचे आद्याक्षर असते आणि बोलताना त्यांच्या तोंडी ‘आपण जिंकलो’ असेच येते. पदवी नसलेल्या माणसालाही विद्यापीठाविषयी ‘आपण’ म्हणता यावे, ही या खेळाची मोठीच किमया मानली पाहिजे.

१९१८ पासून हा सामना जवळजवळ अखंडपणे दर वर्षी होत आला आहे. त्यातील काही सामने लोककथांसारखे सांगितले जातात. २५ नोव्हेंबर १९५० रोजी कोलंबस येथे हिमवादळ सुरू असतानाच खेळ झाला. मैदानावरच्या रेषा बर्फाखाली गेल्या. चेंडू हातात राहीना, म्हणून दोन्ही संघ मिळेल तेव्हा तो लाथेने दूर भिरकावून देत होते. चार प्रयत्नांत दहा यार्ड जाणे मिशिगनला संपूर्ण सामन्यात एकदाही जमले नाही, तरीही त्यांनी तो ९-३ असा जिंकला. या पराभवानंतर ओहायो स्टेटच्या प्रशिक्षकांनी पद सोडले आणि त्यांच्या जागी १९५१ मध्ये वुडी हेज आले.

हेज हे या चुरशीचे मूर्तिमंत रूप होते. ते मिशिगनचे नावही उच्चारत नसत. ‘वरच्या अंगाला असलेला तो संघ’ असे म्हणत. गाडीतले पेट्रोल संपत आले तरी मिशिगनच्या हद्दीत पैसे खर्च करायला ते तयार झाले नाहीत, अशी एक आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ऐकणाऱ्याला ती पटते. १९६९ च्या हंगामापासून बो शेम्बेक्लर मिशिगनचे प्रशिक्षक झाले. हे शेम्बेक्लर हेज यांच्या हाताखाली खेळलेले आणि पुढे त्यांचेच साहाय्यक झालेले होते. त्या वर्षी ओहायो स्टेटचा संघ सलग बावीस सामने जिंकून अ‍ॅन आर्बरला आला होता. शिष्याच्या संघाने गुरूच्या संघाचा २४-१२ असा पराभव केला. त्यानंतरची दहा वर्षे ‘दहा वर्षांचे युद्ध’ म्हणून ओळखली जातात. त्या दहा सामन्यांत मिशिगनने पाच, ओहायो स्टेटने चार जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. या ईर्ष्येची दुसरी बाजूही विसरता येत नाही. डिसेंबर १९७८ मध्ये दुसऱ्याच एका विद्यापीठाविरुद्ध खेळताना हेज यांनी भर मैदानात प्रतिस्पर्धी खेळाडूला ठोसा मारला आणि त्यांचे पद गेले. शेम्बेक्लर यांचे निधन १७ नोव्हेंबर २००६ रोजी, नेमके कोलंबसच्या सामन्याच्या आदल्या दिवशी झाले. त्या वेळी दोन्ही संघ अपराजित होते आणि देशात पहिल्या व दुसऱ्या क्रमांकावर होते. दुसऱ्या दिवशी ओहायो स्टेटच्या प्रेक्षागाराने आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्यासाठी शांतता पाळली आणि मग ४२-३९ असा सामना जिंकला.

मिशिगनचे प्रेक्षागार १९२७ मध्ये उघडले. क्रीडाविभागाचे प्रमुख फील्डिंग योस्ट यांनी त्याचा ध्यास घेतला होता. सरकारी तिजोरीवर भार न घालता रोखे विकून पैसा उभारण्यात आला आणि सुमारे साडेनऊ लाख डॉलरमध्ये काम पार पडले. योस्ट यांची दूरदृष्टी अशी की, पुढे कधी तरी लाखावर प्रेक्षक येतील असे धरून त्यांनी पाया मजबूत करवून घेतला. त्या काळी ही कल्पना अनेकांना वेडेपणाची वाटली असेल. प्रेक्षागाराचा मोठा भाग जमिनीच्या पातळीखाली खोदलेला आहे. त्यामुळे रस्त्याने चालत आलेला माणूस दारातून आत शिरतो तो थेट वरच्या रांगांपाशी. एखाद्या विस्तीर्ण विहिरीच्या काठावर उभे राहावे तसे त्याला वाटते. पायाखाली बाकांच्या रांगा उतरत गेलेल्या असतात आणि तळाशी हिरवा आयत दिसतो. ओहायो स्टेटविरुद्धचा २२ ऑक्टोबर १९२७ चा सामना हा या वास्तूचा समर्पणसोहळा होता. मिशिगनने तो २१-० असा जिंकला. क्षमतेच्या आकड्यातील शेवटचा ‘एक’ हा माजी प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांच्या सन्मानार्थ राखलेल्या आसनाचा आहे, असे परंपरेने सांगतात. ते आसन नेमके कोठे आहे, हे मात्र गुपित आहे.

सामना बहुधा दुपारी बारा वाजता सुरू होतो. परंतु शहर त्याच्या फार आधी जागे होते. नोव्हेंबरअखेरीस तेथे थंडी गोठणबिंदूच्या आसपास असते. अंगावर कपड्यांचे चार-चार थर चढवून लोक पहाटेच घराबाहेर पडतात. आसपासच्या घरांचे मालक अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन मोटारी उभ्या करू देतात. शाळेचे आवार आणि गोल्फचे मैदानही गाड्यांनी भरून जाते. गाडीचे मागचे दार उघडून शेगडी पेटवली जाते, त्यावर मांस भाजले जाते आणि ओळख असो वा नसो, शेजारच्या गाडीतल्या माणसाच्या हातात ताटली दिली जाते. शेजारच्या गाडीवर ओहायोचा लाल आणि राखाडी झेंडा असला तरी टोमणे मारत मारत ताटली दिली जातेच. आपल्याकडच्या जत्रेची आठवण व्हावी असे हे वातावरण असते. फक्त देऊळ तेवढे नसते.

आत गेल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. बहुतेक ठिकाणी खुर्च्या नाहीत, लांबच लांब बाके आहेत आणि त्यांवर आकडे रंगवलेले आहेत. जाड कोट घातलेल्या माणसाला स्वतःच्या आकड्यात मावणे शक्य नसते. त्यामुळे सर्वांनी थोडे थोडे सरकून घेण्याला पर्याय राहत नाही. मग विद्यापीठाचा सुमारे चारशे वादकांचा बॅण्ड बोगद्यातून धावत मैदानात येतो. बॅण्डचा म्होरक्या पाठीतून इतका मागे वाकतो की त्याच्या उंच टोपीचा शेंडा जमिनीला टेकतो. लुई एल्बेल या विद्यार्थ्याने १८९८ मध्ये रचलेले विजयगीत सुरू होते आणि मक्याच्या दाण्यासारखा पिवळा व निळा अशा दोन रंगांत रंगलेला सारा जनसमुदाय मुठी उंचावून ते गाऊ लागतो. ओहायो स्टेटच्या बॅण्डचीही अशीच एक परंपरा आहे. वादक चालता चालता मैदानावर वळणदार अक्षरांत आपल्या राज्याचे नाव लिहितात आणि त्यातील एका अक्षरावरचा टिंब देण्यासाठी अजस्र कर्णा वाजवणारा एक वादक ऐटीत पुढे येतो. ही प्रथा १९३६ पासूनची आहे. तो टिंब होण्याचा मान मिळावा म्हणून विद्यार्थी वर्षानुवर्षे वाट पाहतात.

खेळ सुरू झाला की प्रेक्षकही त्याचा भाग होतात. चेंडू पाहुण्यांकडे असताना लाखभर माणसे एकदम ओरडू लागतात. त्यामागे निव्वळ उत्साह नसून डावपेच असतो. चाल ठरवणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, सहकाऱ्यांना ओरडून सूचना देत असतो. त्या त्यांना ऐकू येऊ नयेत, हा हेतू. चेंडू आपल्या संघाकडे आला की तीच माणसे एकदम गप्प होतात. एवढ्या मोठ्या समुदायाला कोणी निरोप देत नाही, घोषणा करत नाही. शांतता आपोआप पसरते. २०१० मध्ये दोन्ही बाजूंना उंच इमारती बांधून पूर्ण झाल्यापासून हा आवाज बाहेर निसटून न जाता मैदानावर परतू लागला.

२७ नोव्हेंबर २०२१ चा सामना या दृष्टीने विशेष ठरला. आदल्या वर्षी कोरोनाच्या साथीमुळे प्रेक्षागार रिकामे राहिले होते आणि १९१८ नंतर प्रथमच हा सामना रद्द करावा लागला होता. शिवाय मिशिगनने २०११ नंतर एकदाही विजय पाहिला नव्हता. ओहायो स्टेट सलग आठ वेळा जिंकले होते. शाळेत जाणाऱ्या मुलांना आपला संघ जिंकल्याचे आठवतही नव्हते. त्या दिवशी बर्फ भुरभुरत होता आणि एक लाख अकरा हजारांहून अधिक माणसे आली होती. मिशिगनच्या हसन हॅस्किन्स या खेळाडूने एकट्याने पाच टचडाउन केले. ४२-२७ असा निकाल लागला, तेव्हा हजारो प्रेक्षक कठडे ओलांडून खाली उतरले आणि पाहता पाहता हिरवे मैदान माणसांनी झाकून गेले. अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

ही भावना नेहमीच अशी निर्मळ राहते, असे मात्र नाही. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी कोलंबस येथे मिशिगनने १३-१० असा विजय मिळवला आणि काही खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्याच्या मैदानाच्या मध्यावर आपला झेंडा रोवण्याचा प्रयत्न केला. त्यावरून हाणामारी झाली आणि पोलिसांना मिरपुडीचा फवारा वापरावा लागला. दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला. जिंकल्यावर कसे वागावे, हा प्रश्न हरल्यावर कसे वागावे याहून अवघड असतो की काय, असे अशा वेळी वाटते.

याहून मोठा प्रश्न पैशाचा आहे. प्रेक्षागार भरते, दूरचित्रवाणीचे हक्क विकले जातात, प्रशिक्षकांना लक्षावधी डॉलर पगार मिळतो. अमेरिकेतील अनेक राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा विद्यापीठाचा क्रीडाप्रशिक्षकच असतो. हा सारा डोलारा ज्यांच्या खांद्यांवर उभा असतो, त्या विद्यार्थ्यांना मात्र दीर्घकाळ शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही मिळत नव्हते. विद्यार्थी हा हौशी खेळाडूच असला पाहिजे, असा नियम होता. शिष्यवृत्ती ही क्षुल्लक गोष्ट आहे असे नाही. गरीब घरातल्या अनेक मुलांना तिच्यामुळेच विद्यापीठाचे दार उघडले आणि शिक्षण पूर्ण करता आले. पण गुडघा किंवा डोके कायमचे दुखावलेल्या खेळाडूला तो हिशेब नेहमी न्याय्य वाटला असेल का? जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींतून स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली. जुलै २०२५ पासून न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना उत्पन्नातील वाटा थेट देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. आता काही जुन्या चाहत्यांना रुखरुख लागली आहे. खेळाडू पगारी झाला, तर तो ‘आपला विद्यार्थी’ राहील का, असे ते विचारतात. या रुखरुखीत जिव्हाळा आहे हे खरे. मात्र इतकी वर्षे तो जिव्हाळा दुसऱ्याच्या फुकट श्रमांवर पोसला गेला, हेही तितकेच खरे.

या वैराचा एक उपयोग निर्विवाद आहे. १९८२ पासून दोन्ही विद्यापीठांचे विद्यार्थी सामन्यापूर्वीच्या आठवड्यांत रक्तदानाची स्पर्धा लावत आले आहेत. ज्या विद्यापीठाकडून अधिक रक्त जमेल, ते जिंकले. मैदानावर हरलेल्यांना येथे उट्टे काढता येते आणि मैदानावर जिंकलेल्यांना येथे हरण्याची धास्ती असते. ते रक्त ज्या रुग्णाला मिळते, त्याला देणाऱ्याच्या टोपीचा रंग कळत नाही.

सामना साडेतीनच्या सुमारास संपतो. वर्षाच्या त्या काळात अ‍ॅन आर्बरला पाच वाजताच सूर्य मावळतो. लाखभर माणसे त्या विहिरीतून हळूहळू वर येतात आणि रस्त्यांवर पांगतात. जिंकलेले गात असतात. हरलेले गाडीतला रेडिओ बंद ठेवून दक्षिणेची वाट धरतात. अंगणातली शेवटची मोटार निघून गेली की घरमालक दिव्याच्या उजेडात हिरवळीवरच्या ताटल्या आणि बाटल्या गोळा करतो, चाकांनी उमटलेले चर पायाने दाबून सारखे करतो. पुढच्या वर्षी सामना कोलंबसला असतो. या अंगणांना त्यासाठी आता दोन वर्षे थांबायचे असते.